एका दिवसाची गाइडसह जंगल सफर: चार गोष्टींच्या पॅकेजपेक्षा दोन गोष्टींचं बरं

उष्ण कटिबंधातल्या जंगलात एका दिवसाची साहसी सफर विकणाऱ्यांच्या पत्रकांवर सगळीकडे एकच यादी असते: ट्रेक, मग झिपलाईन (ताणलेल्या तारेवरून पुलीला लटकून घसरत जाणं), मग धबधब्यात डुंबणं, शेवटी ट्यूबवर बसून नदीतून वाहत येणं. यादी जितकी लांब तितकं पॅकेज भारी, असं गिऱ्हाइकाला वाटतं आणि विकणाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. ही सेवा ज्या ठरावीक साच्यांत विकली जाते, त्या साच्यांचं आहे. निकाल आधीच सांगतो: ‘सगळं काही’वालं पॅकेज घेऊ नका. उजाडता निघणारं, दोनच गोष्टी करणारं आणि सहा-आठ जणांच्या गटाचं पॅकेज महाग पडलं तरी तेच घ्या. इथे पैसे मोजायचे ते गाइडच्या तासांचे. तारेची लांबी नि धबधब्याची उंची हा नंतरचा प्रश्न.

आधी घड्याळ

विषुववृत्ताच्या आसपास दिवस बाराही महिने साधारण १२ तासांचा असतो. सूर्य मावळला की वीस-पंचवीस मिनिटांत मिट्ट काळोख. दाट झाडीत तो त्याच्याही आधी येतो, कारण झाडांच्या माथ्यावर पडलेल्या उजेडातला जेमतेम एक-दोन टक्के जमिनीपर्यंत पोचतो. त्यात ओल्या महिन्यांत पाऊस बहुधा दुपारचा: सकाळभर जमीन तापते, दमट हवा वर चढते आणि एक-दोनच्या सुमारास गडगडाट सुरू होतो. पक्षी आणि माकडं हालचाल करतात ती उजाडल्यापासून नऊपर्यंत. म्हणजे दिवस बारा तासांचा असला तरी कामाचे तास सकाळी सहा ते दुपारी एक, एवढेच.

आता पत्रकावरचं नेहमीचं वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून बघा. आठला पहिल्या हॉटेलवरून उचलणार, आणखी चार हॉटेलं फिरणार, साडेदहाला जंगलाच्या तोंडाशी. फॉर्म भरणं, हेल्मेट आणि हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) चढवणं यात अकरा. झिपलाईनची रांग आणि तारा मिळून दीड. जेवण. अडीचला ट्रेक, साडेतीनला धबधबा. ज्या वेळी प्राणी दिसतात तेव्हा तुम्ही व्हॅनमध्ये, आणि ज्या वेळी ओढ्याच्या आसपासही असू नये तेव्हा नेमके डोहात. ही सगळी आखणी व्हॅन भरण्याच्या सोयीने झालेली असते, जंगलाच्या सोयीने नाही.

म्हणून बुकिंगआधी एक वजाबाकी करायची. एकूण तासांतून गाडीचा वेळ, साहित्य चढवण्या-उतरवण्याचा वेळ, रांग आणि जेवण काढून टाका. नऊ तासांच्या सफरीत जंगलात घालवलेले तास बहुधा तीन-साडेतीन उरतात. विकणाऱ्याला थेट हाच आकडा विचारा. जो लगेच सांगतो त्याने ती सफर निदान कागदावर तरी नीट मांडलेली असते. ‘फुल डे धमाल’ एवढंच उत्तर आलं तर पुढचा पर्याय बघा.

चालण्याचे आकडेही असेच फुगवलेले असतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला ढोबळ नियम डोंगरात अजून वापरतात: सपाटीला ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्तीचा. जंगलातल्या पायवाटेवर तो कोलमडतो. मुळं, चिखल, आडवे पडलेले ओंडके, अंगावर न सुकणारा घाम, आणि मध्येच थांबून काही दाखवणारा गाइड (तेवढ्यासाठीच तर पैसे दिले) हे सगळं धरलं तर ताशी दीड ते दोन किलोमीटर हा खरा वेग. सहा किलोमीटरची वाट म्हणजे तीन-चार तास. ‘१२ किलोमीटर ट्रेक, झिपलाईन, धबधबा, ट्यूबिंग’ असं एका दिवसाच्या पत्रकावर दिसलं तर त्यातला एखादा आकडा खोटा आहे किंवा तुम्हाला पळवणार आहेत.

तीन साचे, तीन निकाल

‘सगळं काही’ हा पहिला साचा. पंधरा-वीस माणसं, दोन गाइड, चार ठिकाणं. एका माणसाच्या हार्नेसला पाच मिनिटं धरली तर दोन गाइड असूनही वीस जणांची पन्नास मिनिटं नुसती बकल लावण्यात जातात. गाइड दिवसभर माणसं मोजतो आणि पुढे हाकतो. झाडावरचं काही दाखवायला त्याला फुरसत नसते. पाचपैकी दोन गुण, तेही ज्यांना फक्त झिपलाईनच करायची आहे त्यांच्यासाठी. आणि तसं असेल तर सुटं झिपलाईनचं तिकीट स्वस्त पडतं.

दुसरा साचा: पहाटेची तीन तासांची चाल आणि त्यानंतर एकच उंचावरची गोष्ट, झिपलाईन किंवा झुलता पूल. साडेसहाला वाटेवर, साडेनऊला तारांवर, साडेअकराला खाली, एकच्या आत छपराखाली. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो पहाटे चारला उठण्याचा आणि नाश्त्याच्या नावाखाली हातात पडणाऱ्या कोरड्या पाकिटाचा.

तिसरा साचा नदीचा: होडीने वर जायचं, थोडं चालायचं, प्रवाहाबरोबर खाली यायचं. गुडघे दुखणाऱ्यांना आणि कॅमेरेवाल्यांना हा सगळ्यात मानवतो, कारण काठावरचे प्राणी होडीला कमी बुजतात. पण तो पूर्णपणे पाण्याच्या पातळीवर अवलंबून. कोरड्या महिन्यांत होडी ढकलत न्यावी लागते, भर पावसात नदी बंद. साडेतीन गुण, आणि पातळी चांगली असेल त्या आठवड्यात चार.

झिपलाईनपेक्षा झुलता पूल मला उजवा वाटतो. तारेवरून जाताना झाडांचा माथा काही सेकंदांत मागे पडतो आणि पुलीच्या आवाजाने पक्षी उडून जातात. गंमत म्हणजे दोरावरून झाडांच्या माथ्यापर्यंत पोचण्याचा खटाटोप सुरू झाला तो अभ्यासासाठी. डोनाल्ड पेरी या जीवशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात कोस्टा रिकाच्या जंगलात दोर लावून तिथल्या जीवसृष्टीचा अभ्यास केला. करमणूक नंतर आली.

गाइड: खरा माल हाच

चालण्यासाठी एका गाइडमागे सहा ते आठ माणसं ठीक. त्याहून जास्त असतील तर दुसरा माणूस शेवटी चालणारा हवा, आणि त्याने शेवटीच चालायला हवं. पुढच्याशी गप्पा मारत पुढे निघून जाणारा उपयोगाचा नाही. जंगलात माणूस हरवतो तो बहुधा लघवीला किंवा फोटोला थांबल्यावर, आणि वीस पावलांवरचा गटही झाडीत दिसत नाही. चांगला गाइड दर थांब्यावर डोकी मोजतो. मोजतोय हे दाखवत नाही, पण मोजतो.

निघण्याआधी दहा मिनिटांची सूचना त्याने द्यायलाच हवी. त्यात हे असावं: कुठल्या झाडाला हात लावायचा नाही (वेताचे नि इतर काटेरी ताड, मुंग्यांची वसाहत असलेले बुंधे), ओंडका कसा ओलांडायचा (आधी ओंडक्यावर पाय, पलीकडे नजर, मग खाली पाऊल, कारण साप पलीकडच्या सावलीत असतो), गट सुटला तर काय करायचं (जागीच थांबायचं, शिट्टीचे तीन आवाज), आणि कुणाला कसली ॲलर्जी आहे. हा शेवटचा प्रश्न न विचारणारा गाइड कच्चा. जंगलात साप चावण्यापेक्षा गांधीलमाश्या उठण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि ॲलर्जी असलेल्याला त्यात मिनिटांचा हिशेब असतो. ज्याला ॲड्रेनलिनचं पेन (ॲलर्जीच्या झटक्यावरचं तयार इंजेक्शन) लागतं त्याने ते स्वतःजवळ ठेवावं आणि कुठल्या खिशात आहे ते गाइडला सांगावं.

विश्रांतीला थांबताना गाइड खाली नाही, वर बघतो की नाही हे टिपा. उष्ण जंगलात वाळलेल्या फांद्या वारा नसतानाही कोसळतात, पावसाने जड झाल्या की जास्तच. आणि आमिष टाकून प्राणी जवळ बोलावणारा, मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणारा, बेडूक उचलून हातात देणारा गाइड असेल तर गुण कापा. फोटो मिळतो खरा. पण डासांचं औषध लावलेल्या हातांनी बेडकाच्या कातडीला इजा होते.

बुकिंगआधी चार प्रश्न लिहून पाठवा. परत फिरायची ठरलेली वेळ कोणती आणि ती कोण ठरवतो? मोबाईलला रेंज नसेल तिथे संपर्क कशाने, वॉकीटॉकी की उपग्रह संदेशयंत्र? सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय किती तासांवर? नदी बंद असेल तर पैसे परत की पर्यायी कार्यक्रम? साहसी पर्यटनाच्या सुरक्षा व्यवस्थेसाठी आयएसओ २११०१ हे मानक आहे, २०१४ सालचं. त्याच वर्षीचं आयएसओ २११०३ मानक सहभागींना आधी काय माहिती द्यावी याबद्दल आहे. प्रमाणपत्र नसलेली छोटी मंडळीही उत्तम काम करतात. पण वरच्या चार प्रश्नांना ‘काळजी करू नका’ हे उत्तर चालत नाही.

झिपलाईन: चढण्याआधी दोन मिनिटं

हार्नेस दुसऱ्याने घालून दिला तरी तपासायचा स्वतः. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर बसायला हवा आणि दोन्ही हातांनी खाली ओढला तरी हाडांवरून घसरता कामा नये. जीन्सच्या पट्ट्यासारखा खाली बसला असेल तर उलटं झाल्यावर माणूस त्यातून निसटू शकतो. मांडीच्या पट्ट्यात सपाट पंजा जावा, मूठ जाऊ नये. बकलमधून पट्टा बाहेर आल्यावर चार बोटं तरी शेपूट उरायला हवी. लहान मुलांना कंबर नसतेच म्हटलं तरी चालेल, म्हणून त्यांना छातीचा भाग असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस हवा. नुसता बैठा हार्नेस देत असतील तर मुलाला चढवू नका. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील इतका घट्ट, आणि मान हलवली तरी हेल्मेट कपाळावरून सरकू नये.

मग जोडण्या. तारेला तुम्ही दोन ठिकाणी जोडलेले असायला हवेत: एक पुलीची ट्रॉली, दुसरी सुटी सुरक्षादोरी. कॅराबिनर (जोडणीच्या धातूच्या कड्या) आपोआप कुलूप लागणारे असावेत. स्क्रूचे असतील तर स्क्रू फिरवून बंद झालाय का ते डोळ्यांनी बघा. झाडावरच्या फळीवर पोचल्यावर नियम एकच: नवी जोडणी लागल्याशिवाय जुनी सुटत नाही. बहुतेक धोका या अदलाबदलीच्या क्षणी असतो, तारेवर लटकताना नाही. म्हणून सुटण्याच्या फळीवर एक आणि पोचण्याच्या फळीवर एक असे दोन माणसं कमीत कमी हवीत. एकच माणूस आधी सोडतो आणि मग स्वतः येतो, अशी व्यवस्था असेल तर पलीकडे तुम्हाला झेलायला कोणीच नाही.

ब्रेक कसा आहे ते विचारा. जुन्या पद्धतीत चामड्याचा हातमोजा तारेवर दाबून वेग कमी करतात. तसं असेल तर हात नेहमी पुलीच्या मागे. पुढे गेला तर बोटं पुलीत जातात. तार ओली असली की हातमोज्याची पकड सुटते आणि वेग वाढतो, त्यामुळे हातब्रेकची तार पावसात बंद व्हायला हवी. स्प्रिंगचा किंवा सरकत्या ठोकळ्याचा ब्रेक पोचण्याच्या टोकाला असेल तर तुमच्या हातात काहीच राहत नाही, आणि ते बरंच.

वजनाची मर्यादा दोन्ही बाजूंनी असते. वरची सगळे सांगतात, खालची विचारावी लागते. हलका माणूस तारेच्या झोळात मध्येच थांबतो आणि त्याला ओढून आणावं लागतं. जड माणूस टोकाला जोरात पोचतो. हलक्या मुलांना गाइडबरोबर जोडीने सोडतात. थांबलातच तर घाबरून जोडण्यांशी खेळायचं नाही, तारेला धरून मागे तोंड करून एकेक हात ओढत जायचं किंवा वाट बघायची.

तारेचं टोक नजरेच्या टप्प्यात असेल तर बघून घ्या. तुटलेले बारीक काटे, गंज, किंवा यू आकाराच्या क्लॅम्पची बैठक चुकीच्या बाजूला दिसली तर तिथून परत फिरणं उत्तम. बैठक भार घेणाऱ्या तारेवर आणि यू बोल्ट दुमडून आलेल्या, भार नसलेल्या टोकावर, हा नियम. उलटं लावलं तर भाराची तार चेपली जाते आणि पकड कमी होते. क्लॅम्प तीन तरी असावेत. रोजच्या तपासणीची वही असते. मागितल्यावर ती कुरकुर न करता दाखवणारी मंडळी मला पहिल्या फळीतली वाटतात. गडगडाट ऐकू आला की तारा बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बंदच.

पाणी: इथे घाई जिवावर बेतते

ओढ्याला लोंढा येण्यासाठी तुमच्या डोक्यावर पाऊस लागत नाही. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडच्या सॅक्सेटन ओढ्याच्या घळीत कॅनियनिंग (घळीतून ओढ्याबरोबर खाली उतरत जाणं) करणारे २१ जण वाहून जाऊन दगावले, त्यात तीन गाइड होते. वरच्या खोऱ्यात वादळी पाऊस झाला होता. उष्ण जंगलात उतार तीव्र आणि सरी जोरदार असतात, त्यामुळे हे गणित आणखी आवळलेलं. पोचल्यावर गाइडने पाण्याच्या काठावर एक काठी किंवा दगड खूण म्हणून ठेवला का ते पाहा. ती खूण पाण्याखाली जाऊ लागली, स्वच्छ पाणी अचानक मातकट झालं, पानं-काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा धबधब्याचा आवाज बदलला, यापैकी एकही गोष्ट दिसली की लगेच उंचावर. कपडे-चपला गोळा करायला थांबायचं नाही, आणि काठाकाठाने खालच्या बाजूला पळायचं नाही.

लाईफ जॅकेट घातल्यावर कुणाला तरी दोन्ही खांदे धरून वर खेचायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा. ट्यूबिंगला बूट पायातच ठेवा. ट्यूब उलटली तर वेगाच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही: पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि प्रवाह माणसाला पुढे ढकलून पाण्याखाली दाबून धरतो. पाठीवर पडायचं, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने, आणि हातांनी काठाकडे सरकायचं. कड्यावरून डोहात उडी मारण्याचा आग्रह गाइड करत असेल तर आज सकाळी तळ कुणी तपासला ते विचारा. काल रात्रीच्या पावसाने एखादा ओंडका तिथे आणून ठेवलेला असू शकतो.

अंगावर जखम असेल तर पाण्यात उतरू नका. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू प्राण्यांच्या मुत्रातून पाण्यात येतात आणि चिरलेल्या कातडीतून, डोळ्यांतून, नाकातोंडातून शिरतात. २००० साली मलेशियातल्या सबाह इथे झालेल्या इको-चॅलेंज या साहसी शर्यतीत अनेक खेळाडूंना हा आजार झाला आणि तपासात सेगामा नदीतल्या पोहण्याकडे बोट गेलं. पूर ओसरल्यानंतरचं गढूळ, साचलेलं पाणी सगळ्यात वाईट.

जळवा, औषधं आणि पिशवी

जळवांचा बाऊ पॅकेजवाले करत नाहीत आणि गिऱ्हाइकं जास्त करतात. ओल्या पाचोळ्यातून त्या पावलांची थरथर, उच्छ्वास आणि उष्णता हेरून चढतात. दाट विणीचे जळूमोजे पँटच्या वरून गुडघ्याखाली बांधले की काम भागतं. साध्या मोज्यांच्या विणीतून त्या आत शिरतात. चिकटलीच तर मीठ, तंबाखू, काडी यांच्या फंदात पडू नका, कारण बिचकलेली जळू पोटातलं जखमेत ओकते. तिचं निमुळतं टोक शोधा, तेच तोंड. त्याच्या शेजारी कातडीवर नख आडवं टेकवून बाजूला सरकवा, चूषक सुटला की तसंच जाड टोक सोडवा आणि टिचकीने उडवा. रक्त तासन्तास झिरपत राहतं, कारण जळू रक्त न गोठू देणारं द्रव्य सोडते. दाबून धरा, पट्टी लावा. पांढरी पँट मात्र गेलीच म्हणून समजा.

डासांसाठी २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन (दोन्ही डास दूर ठेवणारी रसायनं) असलेलं औषध. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून हे. डीट काही प्लास्टिक खातं: चष्म्याची काच, घड्याळाचा पट्टा. तेव्हा तळहात पुसून मगच दुर्बीण धरा. डोहात उतरणार असाल तर लावलेलं औषध आधी पुसून काढा, नाहीतर सगळं ओढ्यात जातं.

पाणी सहा तासांना माणशी तीन लिटर. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणजे अंग निवत नाही, पण मीठ मात्र जात राहतं. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम खाली येतं. म्हणून त्यातलं एक लिटर ओआरएसचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटरला २०.५ ग्रॅम पावडर, त्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ. छोटी पाकिटं कमी पाण्याची असतात, तेव्हा पाकिटावरचं माप वाचा; अर्ध्या पाण्यात कालवलेलं दाट ओआरएस तहान वाढवतं. कुणी असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला तर तो नुसता दमलेला नाही. सावली, अंगावर पाणी, वारा; आधी थंड करायचं, मग हलवायचं.

बूट जुने, खाचदार तळव्याचे आणि पाणी बाहेर जाऊ देणारे. वॉटरप्रूफ बूट ओढ्यात एकदा भरले की दिवसभर आतच पाणी वागवतात. जीन्स नको. रेनकोटात माणूस आतून भिजतो, सैल पोंचो बरा. दहा-पंधरा लिटरची ड्रायबॅग, म्हणजे पाणी न शिरणारी पिशवी. दुर्बीण ८×४२ची, झाडीतल्या अंधुक उजेडात १०×४२पेक्षा तिच्यात उजळ दिसतं आणि कमी हलतं. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढला तर काचेवर वाफ धरते, म्हणून अर्धा तास तो पिशवीतच बंद ठेवा, बाहेरच्या उबेला आला की काढा.

पैसे परत, विमा

रद्द करण्याचा नियम हाच खरा सुरक्षेचा नियम. पावसामुळे सफर रद्द झाली तर पैसे परत नाहीत असं ज्यांचं धोरण, तिथे ओढा चढलेला दिसला तरी गिऱ्हाईकच ‘चला, होऊन जाऊ दे’ म्हणतं आणि गाइडला मान डोलवावी लागते. ‘गाइडने सकाळी नदी बंद ठरवली तर पूर्ण पैसे परत किंवा दुसरी तारीख’ असं लेखी देणाऱ्यांकडे थोडे जास्त पैसे खुशाल द्या. हॉटेलच्या काउंटरवरून बुकिंग केलं की त्यात दलाली असते, आणि ती बऱ्याचदा गाइडच्या मोबदल्यातून किंवा गटाच्या आकारातून वसूल होते.

प्रवास विम्याच्या साध्या योजनेत झिपलाईन आणि कॅनियनिंग अनेकदा वगळलेलं असतं. ‘साहसी खेळ’ म्हणून वेगळं कलम जोडावं लागतं. कलमात या दोघांची नावं शब्दशः आहेत का ते बघा. आरोग्याच्या फॉर्मवर पाठदुखी, गरोदरपण, हृदयविकार, फिट यांचा प्रश्न असेल तर खरं लिहा. दडवलेल्या दुखण्यावर विमा कंपनी दावा नाकारते.

घरी आल्यावर एक काम उरतं. नदीत उतरला असाल तर पुढचे तीन-चार आठवडे तापाकडे लक्ष ठेवा. लेप्टोची लक्षणं बहुधा पाच ते चौदा दिवसांत दिसतात, कधी महिनाही लागतो: थंडी-ताप, पोटऱ्यांत ठणका, लालभडक डोळे. डास चावले असतील तर मलेरिया-डेंगीही यादीत येतात. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘अमुक तारखेला जंगलातल्या नदीत होतो’ असं सांगा, म्हणजे योग्य ती रक्ततपासणी पहिल्याच दिवशी होते.